तात्यांच्या छातीतल्या चुना झालेल्या गाठी: एका सीटी रिपोर्टचं पूर्ण प्रकरण

ज्या ओळीवरून सगळं घर हाललं ती रिपोर्टमधली ओळ अशी होती: "मल्टिपल कॅल्सिफाइड मेडियास्टायनल अँड राइट हायलर लिम्फ नोड्स, लार्जेस्ट १४ मिमी." म्हणजे छातीच्या मधोमध आणि उजव्या फुप्फुसाच्या मुळाशी कॅल्शियम बसलेल्या बऱ्याच गाठी, सगळ्यात मोठी १४ मिमीची. खाली इम्प्रेशनमध्ये जुन्या इन्फेक्शनच्या खुणा वाटतात, पेशंट बघून ठरवा, असंही लिहिलेलं होतं, पण तिथपर्यंत वाचतंय कोण. लिम्फ नोड म्हणजे गाठ आणि गाठ म्हणजे कॅन्सर हा हिशोब आपल्याकडे पाच सेकंदात होतो.

मी सांगलीत फिजिशियन आहे. घरच्यांना विचारूनच लिहितोय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत, मेडिकल भाग मात्र जसाच्या तसा.

पेशंट म्हणजे तात्या, वय ६७, मूळचे खानापूर तालुक्यातले, उभी हयात गलाईच्या धंद्यात कोइमतूरला गेलेली, आता मुलाकडे सांगलीत. डायबेटीस बारा-तेरा वर्षांपासून, गोळ्या चालू पण पथ्य आपलं नावाला. तंबाखू-चुना दिवसभर, बिडी-सिगारेट कधीच नाही. उजव्या बाजूला हर्निया होता, ऑपरेशन ठरलं, फिटनेससाठी छातीचा एक्सरे काढला तर उजव्या हायलमजवळ, म्हणजे फुप्फुसात श्वासनळ्या आणि रक्तवाहिन्या शिरतात त्या जागी, पांढरे दाट ठिपके दिसले. भूलतज्ज्ञांनी सांगितलं एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईनं केलेला सीटी स्कॅन, करून या, त्यात वरची ओळ आली. शिवाय उजव्या वरच्या भागात ६ मिमीचा एक पूर्ण कॅल्शियम झालेला ठिपका आणि शेजारी थोडे वणाचे धागे. न्युमोनिया नाही, पाणी नाही, पोकळी नाही, ताजा टीबी पसरताना झाडाच्या फुटव्यासारखे बारीक दाणे दिसतात ते पण नाहीत.

माझ्याकडे आले तोवर चार दिवस गेले होते आणि त्या चार दिवसांत बरंच काही होऊन गेलेलं. मुलानं मोबाईलवर वाचून वडिलांना कॅन्सर ठरवलेला, शेजारच्या काकांनी टीबी ठरवलेला, त्यामुळं तात्यांचं ताट-वाटी वेगळं झालं आणि दोन वर्षांच्या नातवाला त्यांच्या खोलीत जायला बंदी. तात्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, दूध आणि कॅल्शियमची गोळी बंद केली, त्यांचं म्हणणं "चुना खाऊन खाऊन छातीत चुना साठलाय ह्यांच्या, मी वीस वर्षं सांगतीया." पाहुण्यातले एक डॉक्टर फोनवर म्हणाले सेफ साइड म्हणून सहा महिने एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू करून टाका, दुसरे कोणी म्हणाले आधी पेट स्कॅन आणि बायोप्सी. तात्या स्वतः खुर्चीत बसून म्हणतात, "आवो डॉक्टर, मला काय धाड भरलीया? हर्नियाचं तेवढं बघा की."

आधी काकूंच्या चुन्याचं सांगतो, कारण हा गैरसमज शिकलेल्या लोकांत पण आहे. गाठीतलं कॅल्शियम खाण्यातून येऊन साठत नाही. टीबीचा जंतू श्वासातून फुप्फुसात गेला की तिथल्या पेशी त्याला गिळतात, त्यातले काही लिम्फच्या वाटेनं जवळच्या गाठीत पोचतात, ह्या गाठी प्रत्येकाच्या छातीत जन्मापासून असतात, त्यांचं कामच ते. तिथे शरीर जंतूंभोवती पेशींचा वेढा घालतं, वेढ्याच्या मधला भाग मरतो आणि पनीरसारखा भुसभुशीत होतो, आणि ह्या मेलेल्या भागावर पुढच्या महिन्या-वर्षांत रक्तातलेच कॅल्शियमचे क्षार हळूहळू बसत जातात. रक्तातलं कॅल्शियम ह्या सगळ्यात नॉर्मल असतं, तात्यांचं पण ९.४ आलं. त्यामुळं दूध बंद करून काही होणार नाही आणि चालू ठेवून गाठ वाढणार नाही. तंबाखू सोडायला मी सांगितलं पण ते तोंडासाठी, छातीतल्या गाठीसाठी नाही, हे काकूंना पटवताना नाकी नऊ आले.

फुप्फुसातला ठिपका आणि त्याच बाजूच्या हायलमची गाठ, दोन्ही कॅल्शियम झालेले, ह्या जोडीला रांके कॉम्प्लेक्स म्हणतात. आयुष्यात पहिल्यांदा टीबीचं इन्फेक्शन झालं आणि शरीरानं ते दाबलं याची ही खूण, आपल्या भागात पन्नाशी-साठीच्या माणसांच्या स्कॅनमध्ये ती किती वेळा दिसते हे कुठल्याही रेडिओलॉजिस्टला विचारा. वानलेसवाडीला टीबीचं सॅनेटोरियम होतं, तिकडे पाचगणीला बेल एअर, म्हणजे ह्या पट्ट्यात टीबी काही काल आलेला नाही.

पण "बहुतेक जुना टीबी" एवढ्यावर फाईल बंद करायची नसते. कॅल्शियम झालेल्या गाठी दुसऱ्या कारणांनी पण होतात आणि ती कारणं रिपोर्टमध्ये सापडत नाहीत, माणसाला बोलतं केलं तर सापडतात. म्हणून मी फिल्म बाजूला ठेवून अर्धा-पाऊण तास नुसत्या गप्पा मारल्या.

पहिला प्रश्न धुळीचा. कोणी फौंड्रीत, खडी क्रशरवर, दगडाच्या खाणीत वर्षानुवर्षं काम केलं असेल तर सिलिकाच्या धुळीनं सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो आणि त्यातपण छातीतल्या गाठींवर कॅल्शियम बसतं, त्याची ठेवण बऱ्याचदा वेगळी असते, गाठीच्या फक्त कडेनं पातळ कवच दिसतं, त्याला एगशेल म्हणतात. सांगली-साताऱ्याकडे फौंड्र्या कमी नाहीत म्हणून हा प्रश्न मी कधीच गाळत नाही. तात्या म्हणाले, "बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली की, आमी समदीच. मी चौदा वर्षांचा आसंन." एक-दीड हंगाम, तोही उघड्यावर. त्यानं सिलिकोसिस व्हायला एक्सपोजर फार थोडं, आणि स्कॅनमध्ये गाठी आतून पूर्ण भरलेल्या, कवच नाही, फुप्फुसात वरच्या भागात सिलिकोसिसचे असतात तसे पसरलेले बारीक दाणे पण नाहीत. हे कारण मागे पडलं. (सिलिकोसिस असलेल्याला टीबी होण्याची शक्यता जास्त असते, त्यामुळं तसं निघालं असतं तर उलट जास्त खोलात जावं लागलं असतं.)

मग गलाई. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, विटा-खानापूर-आटपाडी भागातली माणसं देशभर सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात आहेत, दुष्काळानं गाव सोडायला लावलं आणि ह्या धंद्यानं जगवलं असं ते स्वतःच सांगतात. तात्या १९७६ च्या सुमारास कोइमतूरला गेले. काम अ‍ॅसिडच्या वाफेत, ती वाईटच, श्वासनळीला त्रास देते, पण गाठीत कॅल्शियम त्यानं होत नाही. कामाची गोष्ट वेगळीच निघाली. दुकानाच्या वरच्या खोलीत आठ-दहा पोरं एकत्र झोपायची, खिडकी एक, त्यातला एक सांगाती वर्षभर खोकायचा आणि शेवटी रक्त पडून गावी परत गेला. तीन-एक वर्षांनी तात्यांच्या उजव्या छातीत पाणी झालं. तिथल्या सरकारी दवाखान्यात पाणी काढलं, रोज एक सुई दोन महिने, सोबत गोळ्या. "बरं वाटलं, मग सोडलं, कोण जातंय रोज लाइनीत." त्या काळी टीबीचा कोर्स वर्ष-दीड वर्षाचा असायचा, ह्यांनी घेतला जेमतेम चार महिने. आणि हे मुलाला माहीतच नव्हतं! पस्तीस वर्षांचा पोरगा तोंडाकडे बघत राहिला. टीबी झाला होता हे लग्नाच्या वेळी लपवलं की ते जन्मभर लपतं.

ही माहिती मिळाल्यावर केस एका बाजूनं सोपी झाली आणि दुसऱ्या बाजूनं जरा अवघड. गाठी कशाच्या हे जवळपास कळलं. पण उपचार अर्धवट सुटलेले, वरच्या भागात वण, त्यात शुगर. कॅल्शियम बसलं म्हणजे आतले सगळे जंतू मेले असं छातीठोक सांगता येत नाही, जुन्या जागेत काही जंतू वर्षानुवर्षं झोपून राहू शकतात आणि प्रतिकारशक्ती घसरली की उठतात. डायबेटीसमध्ये टीबी उठण्याची शक्यता साधारण दोन-तीन पट असते. तात्यांचं एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीन-एक महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, आलं ९.१. मला खरं टेन्शन ह्या आकड्याचं आलं, १४ मिलिमीटरचं नाही, पण घरात त्या आकड्याबद्दल एकानंही विचारलं नव्हतं.

मुलानं मोबाईलवर अजून एक शोध लावला होता. परदेशी माहितीत त्याला सापडलं की अशा गाठी हिस्टोप्लाझ्मोसिस नावाच्या बुरशीनं होतात आणि ती कोंबड्यांच्या, वटवाघळांच्या विष्ठेतून येते, आणि ह्यांच्या गावच्या घरी भावाची पोल्ट्री. झालं, पोल्ट्री विकायची भाषा सुरू. ती माहिती चुकीची नाही, अमेरिकेत ओहायो आणि मिसिसिपी नद्यांच्या खोऱ्यात खरंच हे मोठं कारण आहे, तिथल्या डॉक्टरनं तात्यांचा स्कॅन बघितला असता तर त्यालाही आधी तेच सुचलं असतं. आपल्याकडे ही बुरशी तुरळक, तीही जास्त करून गंगेच्या खोऱ्यात, आणि समजा जुनी झाकून गेलेली निघाली तरी कॅल्शियम झालेल्या गाठीला औषध काही नसतंच. पोल्ट्री वाचली.

कॅन्सरचं उत्तर मात्र नीट द्यावं लागतं, नुसतं "काही नाही हो" म्हणून चालत नाही. कॅन्सरच्या गाठीत कॅल्शियम दिसू शकतं, पण ते कुठे, तर थायरॉइडचे काही कॅन्सर, हाडाचा ऑस्टिओसार्कोमा, आतड्याचे किंवा ओव्हरीचे काही विशिष्ट प्रकार पसरले असतील तर, नाहीतर लिम्फोमाला, म्हणजे लिम्फ गाठींच्याच कॅन्सरला, रेडिएशन देऊन झाल्यावर. म्हणजे बहुतेक वेळा आधीचा कॅन्सर माहीत असतो किंवा शोधल्यावर सापडतो. तात्यांचा गळा तपासला, पोट तपासलं, वजन गेल्या दोन वर्षांत तेवढंच, काखेत-मानेत गाठ नाही. आणि स्कॅनमध्ये मऊ, कॅल्शियम नसलेली, वाढलेली अशी एकही गाठ नव्हती, हा माझ्या मते त्या रिपोर्टमधला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आणि तो रिपोर्टमध्ये लिहिलेला नव्हता, रेडिओलॉजिस्टला फोन करून विचारावा लागला. गाठीची जाडी आखूड बाजूनं १० मिमीच्या वर गेली की ती मोठी धरतात, तेव्हा १४ आकडा ऐकायला जास्त वाटतो, पण पूर्ण दगड झालेल्या गाठीत आकाराला फारसा अर्थ राहत नाही. सार्कॉइडोसिस हा अजून एक, जंतूशिवाय सुजेच्या गाठी करणारा आजार राहतो, त्यात सहसा दोन्ही बाजूच्या हायलमच्या गाठी सारख्या वाढतात आणि कॅल्शियम बसतं ते बरीच वर्षं गेल्यावर. तात्यांच्या गाठी एकाच बाजूला आणि मध्ये, डोळ्याचा त्रास नाही, कातडीवर काही नाही. पुढे गेलो.

आता पेट आणि बायोप्सी. पेटमध्ये जिथे पेशी साखर जास्त खातात ती जागा चमकते, कॅन्सर चमकतो तसा चालू टीबी पण चमकतो, सार्कॉइड पण, आणि जुन्या गाठी पण कधी कधी थोड्या मिणमिणतात. ह्या पेशंटमध्ये पेट चमकला असता तर पुढची पायरी बायोप्सी, आणि दगडासारख्या गाठीत सुई घालून हाती येणार काय, चुरा. लक्षणं नसलेल्या माणसाला असल्या जिन्यावर एकदा चढवलं की उतरवणं अवघड जातं. मी दोन्ही नको म्हणालो.

टीबीच्या जंतूसाठी कातडीत सुई देऊन करतात ती मँटू किंवा रक्तातली इग्रा करू का, असं मुलानं तीनदा विचारलं. ह्या टेस्ट जंतूशी कधीतरी गाठ पडली होती का एवढंच सांगतात, आजार आत्ता चालू आहे का हे सांगत नाहीत. तात्यांना टीबी होऊन गेल्याचं ते स्वतःच सांगतायत, मग पॉझिटिव्ह येऊन काय नवीन कळणार. ईएसआर, म्हणजे शरीरात कुठे सूज आहे का याचा अंदाज देणारी रक्ताची टेस्ट, कोणीतरी आधीच करून आणलेला, ३८, त्यावरून पण टीबी म्हणे. वयानं वाढतो, शुगरनं वाढतो, रक्त कमी असलं तरी वाढतो, त्या आकड्यावर मी काहीच ठरवत नाही.

काय केलं ते सांगतो. तात्यांना सकाळी उठल्यावर थोडा बेडका पडायचा, "ते कायमचंच" म्हणाले, पण अर्धवट कोर्स आणि शुगर धरून मी थुंकी तपासायचं ठरवलं. सरकारी केंद्रावर सीबीनॅट फुकट होते, आणि एक सॅम्पल कल्चरला पाठवलं. दोन्ही का, तर सीबीनॅट जंतूचा डीएनए शोधते आणि आधी टीबी झालेल्या माणसात क्वचित मेलेल्या जंतूंचा डीएनए पण पकडला जातो, जिवंत जंतू वाढतोय का हे कल्चरच सांगतं, फक्त त्याला ४२ दिवसांपर्यंत थांबावं लागतं. सीबीनॅट दोन दिवसांत निगेटिव्ह आली. एचआयव्ही निगेटिव्ह. सहा मिनिटं चालवून ऑक्सिजन बघितला, ९७ चा ९६ झाला, दम नाही.

आणि सगळ्यात जास्त काम ज्यानं केलं ती गोष्ट कुठल्या लॅबमध्ये नव्हती. मी विचारलं, जुना एखादा एक्सरे आहे का? सगळे नाही म्हणाले. काकू मात्र म्हणाल्या मोटरसायकलवरनं पडले होते तेव्हा मिरजेला फोटो काढला होता बरगडीचा. तो गावच्या घरी ट्रंकेत, लग्नाच्या पत्रिका आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली सापडला, २०१३ चा, कडा पिवळ्या पडलेल्या पण वाचण्यासारखा. व्ह्यू बॉक्सवर दोन्ही शेजारी लावले. उजव्या हायलमचे ठिपके त्याच जागी, तेवढेच, वरच्या भागातला ठिपका तेवढाच, धागे तेच. बारा वर्षांत काडीचा फरक नाही. मुलगा त्या दोन फिल्मकडे बघत बसला आणि तिथे पहिल्यांदा त्याचा चेहरा सैल झाला, माझ्या अर्ध्या तासाच्या भाषणानं जे झालं नव्हतं ते एका फुकटच्या फिल्मनं झालं. फुप्फुसातली भरीव गाठ दोन वर्षं तशीच राहिली तर सहसा ती साधी धरतात, इथे तर तपभर हललेलं नाही. म्हणून मी पेशंटना कायम सांगतो की जुने एक्सरे रद्दीत टाकू नका, आणि सीटीची सीडी पण जपून ठेवा, नुसता कागदी रिपोर्ट तुलनेला पुरत नाही.

फोनवरच्या एकेटीबद्दल थोडं, कारण हे आपल्याकडे फार चालतं. "सेफ साइड" हा शब्द इथे फसवा आहे. चालू आजाराचा पुरावा नसताना चार औषधं सुरू केली तर त्यातली तीन लिव्हरला त्रास देऊ शकतात, चौथं एथॅम्ब्युटॉल डोळ्याच्या नसेला. तात्या शुगरसाठी ग्लिमेपिराइड घेतात आणि त्या चारातलं रिफॅम्पिसिन त्या गोळीचा असर कमी करतं, म्हणजे आधीच ९ च्या वर असलेली शुगर अजून वर, जी टीबी उठवायला मदत करते. उपाय म्हणून तेच दुखणं. शिवाय दगड झालेली गाठ औषधानं विरघळत नाही, वण जसा पुसत नाही तशी ती राहणारच, मग सहा महिन्यांनी स्कॅन केला की "गाठी तशाच आहेत, कोर्स वाढवा" असं म्हणणारा कोणीतरी भेटतो. असे नऊ-नऊ महिने गोळ्या खाल्लेले पेशंट मी बघितलेत.

ताट-वाटी सीबीनॅटचा रिपोर्ट आला त्याच दिवशी एक करायला लावली. टीबी ताटातून तसाही पसरत नाही, फुप्फुसात चालू आजार असलेला माणूस खोकल्यावर हवेतून पसरतो, आणि कॅल्शियम झालेल्या गाठीतून जंतू हवेत पडत नाहीत. नातवाला खोलीत सोडा म्हटल्यावर सूनबाईंनी दोनदा विचारून घेतलं, "नक्की ना डॉक्टर?" त्यांचं बरोबर होतं, आईनं विचारावंच. म्हटलं थुंकीचा रिपोर्ट हातात आहे, बिनधास्त सोडा.

ऑपरेशन मात्र लांबलं, गाठींमुळं नाही तर शुगरमुळं. सर्जनला एचबीएवनसी ८ च्या खाली हवं होतं, जाळी बसवायची म्हटल्यावर इन्फेक्शनची भीती. रात्री एक इन्सुलिन सुरू केलं, तात्यांनी थोडी कुरकुर केली, भाकरी किती आणि भात किती यावर काकूंशी रोजची हुज्जत, पण अडीच महिन्यांनी ७.८ आलं. तोवर कल्चर पण निगेटिव्ह येऊन पडलं होतं. कमरेतून भूल देऊन हर्निया झाला, तिसऱ्या दिवशी घरी.

डिस्चार्जच्या फाईलला मी एक वेगळा कागद लावला, कारण पुढच्या वेळी हा माणूस कुठे पुण्या-मुंबईला किंवा कोइमतूरला दाखल झाला तर परत पहिल्यापासून सुरू व्हायला नको. त्यावर लिहिलं: उजव्या बाजूच्या आणि मधल्या गाठी जुन्या टीबीच्या, २०१३ पासून बदल नाही, १९८० च्या आसपास छातीत पाणी, उपचार अर्धवट, थुंकी आणि कल्चर निगेटिव्ह, ठरावीक काळानं सीटी करण्याची गरज नाही. स्टिरॉइड किंवा सांधेवातात वापरतात तसली प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू करायची वेळ आली तर आधी टीबीचा विचार करा, हे ठळक अक्षरात.

आणि घरच्यांना तोंडी सांगितलं ते कशावर लक्ष ठेवायचं. दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, भूक मरणं, हे टीबीचं. खोकल्यातून रक्त, किंवा एकाच जागी परत परत न्युमोनिया, किंवा खोकताना वाळूसारखा खडा पडणं, हे वेगळं. क्वचित अशी कडक गाठ शेजारच्या श्वासनळीला घासून घासून आत शिरते, नळी दाबते किंवा तिचा तुकडा खोकल्यातून बाहेर येतो, ब्रॉन्कोलिथ म्हणतात त्याला. मी आजवर एकच बघितलाय, पेशंटनं काडेपेटीत घालून आणला होता. असं काही झालं तर मग सीटी पण होईल आणि दुर्बीण पण, तेव्हा आज नको म्हटलेल्या तपासण्या चुकीच्या नसतील.

मुलगा जाताना दारात थांबला आणि म्हणाला, सर, मग आता माझा पण एक स्कॅन करून घेऊ का? त्याला खोकला नाही, ताप नाही, वजन पोटावर वाढतंय. म्हटलं तुझी उपाशीपोटी शुगर कधी बघितलीस? नाही बघितली. तेवढी कर आधी, उद्या सकाळी.